ताप उतरला तरी दिवस मोजा

सन २०२० आणि २०२१ मध्ये कोविडचे जे रुग्ण दवाखान्यात उशिरा आले, त्यांपैकी बऱ्याच जणांच्या तोंडी एकच वाक्य असे, "डॉक्टर, ताप तर कालच गेला." गृहस्थ शांतपणे बोलत असत, आणि बोटाला ऑक्सिमीटर लावावा तर आकडा ८५! असे कसे होते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

आपल्याला धाप लागते ती मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. या आजारात फुप्फुसांतून प्राणवायू रक्तात जाण्यास अडथळा येतो, पण कार्बन डायऑक्साइड बराच काळ बाहेर टाकला जातो. त्यामुळे मेंदूला धोक्याची सूचना उशिरा मिळते.

म्हणून दिवस मोजायचे. पहिला दिवस कोणता? तपासणीचा अहवाल आला तो नव्हे. ज्या दिवशी अंग मोडून आले, घसा धरला किंवा कणकण वाटली, तो पहिला दिवस. "ते उन्हामुळे असेल" म्हणून आपण तो सोडून देतो आणि सारा हिशेब चुकतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला खूण करावी. आजार बळावतो तो बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, आणि नेमका तेव्हाच रुग्ण कामाला लागलेला असतो.

ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. हात गार असल्यास चोळून गरम करावेत. नखाला रंग किंवा मेंदी नको. आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. विश्रांतीत तो ९४ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे जावे. शेजाऱ्याचे यंत्र आणून पुन्हा पुन्हा पाहत बसू नये. (विडी-सिगारेटमुळे फुप्फुसाचा जुना विकार जडलेल्यांचा आकडा एरवीही कमी असू शकतो. त्यांनी तो आधीच डॉक्टरांकडून माहीत करून घ्यावा.)

आकडा ठीक असेल तर घरातल्या सपाट जागेवर सहा मिनिटे चालावे. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटे पुरेत. चालल्यावर आकडा तीनपेक्षा अधिक घसरला किंवा धाप लागली तर रुग्णालय गाठावे. आधीच दम लागत असेल त्याने ही चाचणी करूच नये.

आता स्टेरॉइडविषयी, कारण आजही साध्या तापाला लोक औषधाच्या दुकानातून ती गोळी मागून नेतात. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत दिसले की डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वासावरील व प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले; प्राणवायू न लागणाऱ्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. उलट या औषधाने साखर वाढते, प्रतिकारशक्ती दबते. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने कित्येकांचे डोळे आणि जबडे गेले, त्यांत मधुमेही व स्टेरॉइड घेतलेले रुग्ण फार होते.

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी मे २०२३ मध्ये संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेलेला नाही, आणि फ्लू, न्यूमोनिया तर आपल्याकडे जुनेच आहेत. ओठ निळसर पडणे, छातीत दडपण, बोलण्यात असंबद्धता, म्हाताऱ्या माणसाचे अचानक सुस्तावणे, यांपैकी काहीही दिसल्यास आकडा कितीही चांगला असो, रात्र उलटण्याची वाट पाहू नये.