गुडघा उतारावरच का कुरकुरतो?

चढणं, चालणं आणि बदलत जाणारं शरीर यांविषयी वाशीम जिल्ह्यातल्या वाचकांचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : वय ६१, निवृत्त शिक्षक. दर हिवाळ्यात आम्ही मित्र सह्याद्रीत जातो. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड झाले. अलीकडे चढताना फक्त दम लागतो, पण उतरताना डावा गुडघा जीव नकोसा करतो. चढ अवघड आणि उतार सोपा हा हिशेब उलटा कसा झाला? आता गड सोडायचे का?
– एक वाचक, रिसोड

उत्तर : सर, चढ आणि उतार शरीराला वेगवेगळ्या जागी थकवतात. चढताना ओझं पडतं हृदयावर आणि फुप्फुसांवर, म्हणून धाप लागते. उतरताना ऊर्जा कमी लागते, श्वास शांत राहतो आणि आपल्याला वाटतं, काम हलकं झालं. पण प्रत्येक पावलाला अख्खं शरीर खाली येत असतं आणि ते अडवायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूला करावं लागतं. घाट उतरणाऱ्या एसटीच्या ब्रेकसारखा हा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. अशा जोराने त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ट्रेकनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलू लागतात, त्या यामुळेच.

मांडी थकली की धक्का गुडघ्याकडे जातो. शिवाय वाकलेल्या गुडघ्यावर भार आला की वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. कूर्चेला स्वतःच्या चेता नसतात, त्यामुळे ती झिजत असताना बराच काळ काही कळत नाही. दुखू लागतं ते तिच्याखालचं हाड आणि सांध्याचं अस्तर. गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. नुसतं उतारावर दुखत असेल, तर करण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिलं, दोन काठ्या. उतारावर दोन्ही हातांत काठ्या वापरल्या तर गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांपर्यंत कमी होतो, असं १९९९ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी काठी ठेवा, उतारावर ती पाच-दहा सेंटिमीटरने वाढवा. दुसरं, वजन. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल ज्येष्ठांमध्ये शरीराचं १ किलो वजन घटल्यावर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने घटलेला दिसला. तिसरं, ओटा. घराच्या पायरीवर उभं राहून एक पाय तीन-चार सेकंद घेत सावकाश खाली टेकवायचा आणि पुन्हा वर यायचं. अशा उतरत्या व्यायामाची सवय झालेला स्नायू पुढच्या खेपेला कमी दुखावतो आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून तयारी निघायच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही, दीड-दोन महिने आधी सुरू करा.

चौथी गोष्ट क्रमाची. गडावर उतार शेवटी येतो, म्हणजे मांड्या थकल्यावर. तुमच्या रिसोडहून जवळच असलेल्या लोणारला तो आधी येतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवराचा तळ काठापासून सव्वाशे ते दीडशे मीटर खाली आहे. झऱ्याच्या धारेच्या बाजूने ताज्या पायांनी उतरायचं, तळ्याकाठी फिरायचं आणि थकल्यावर चढायचं. दम लागेल, पण तो तुम्हाला पेलतो. गुडघ्याची परीक्षा घ्यायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. गड ही एक गोष्ट नाही. त्यात चढ, उतार, अंतर, ओझं आणि वेळ असे पाच भाग असतात आणि वय ते सगळे एकदम मागत नाही. तिशीनंतर बैठ्या माणसाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी घटते, नियमित व्यायाम करणाऱ्याची त्याहून बरीच कमी. झटकन जोर लावायची ताकद आणि तोल लवकर कमी होतात. संथ गतीने लांब चालण्याची कुवत मात्र बराच काळ साथ देते. तुमच्या बाबतीत वयाने फक्त उतार मागितला आहे. तेवढा द्या, बाकीचे चार हातात ठेवा.

म्हणजे नेमकं काय? चिखलदऱ्याचं पठार १,१०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि गाविलगड तिथून चालत जाण्यासारखा. उंची गाडीने गाठायची, किल्ला पायांनी बघायचा. नरनाळ्यालाही शहानूरच्या बाजूने रस्ता वर जातो. दगडाचं काम, दरवाजे, तलाव बघायला दिवस कमी पडतो. सह्याद्रीत जायचंच असेल तर वेळ सढळ हाताने द्या. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये एक आडाखा घालून दिला, तो आजही वापरतात : ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १२ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर झाले सुमारे साडेतीन तास. हा हिशेब दणकट माणसाचा आणि न थांबता चालण्याचा आहे. तुम्ही त्यात निम्मा वेळ आणखी मिळवा, म्हणजे पाच तास धरा आणि अंधाराच्या आत खाली याल अशा बेताने निघा. ग्रुपला हे आधीच सांगा. मागे राहणाऱ्याने वाटेत माफी मागत चालण्यापेक्षा सगळ्यांनी घरूनच संथ बेत ठरवलेला बरा.

प्रश्न : वय ३४. कबड्डी खेळताना गुडघ्यातला एसीएल हा बंध तुटला, शस्त्रक्रियेला चार महिने झाले. सपाटीवर काही त्रास नाही. पावसाळ्यात मित्रांबरोबर ट्रेकला जाऊ का?
– एक वाचक, कारंजा (लाड)

उत्तर : या पावसाळ्यात नको. सपाटीवर त्रास नाही म्हणजे बंध तयार झाला, असं होत नाही. बसवलेला नवा बंध शरीर हळूहळू आपलासा करतं आणि मधल्या काही महिन्यांत तो उलट कमकुवत असतो. दुखणं थांबलेलं असतं, म्हणून धोका कळत नाही. वळणं-उड्या असलेल्या खेळात परतायला निदान नऊ महिने थांबावं आणि ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत यावी, असं आज मानलं जातं. निसरडा कातळ आणि घसाऱ्याची पायवाट यांना वळणाउड्यांचा खेळच समजा.

वर सरांना सांगितलेले पाच भाग तुम्ही एकेक करून परत मिळवायचे आहेत आणि त्यात क्रम महत्त्वाचा. आधी वेळ : सपाट डांबरी रस्त्यावर किती मिनिटं चालता, ते वाढवा. मग अंतर. मग चढ : तलावाच्या पाळीवर चढायचं आणि उतरताना जिथे उतार सौम्य आहे तिथून यायचं. मग खरा उतार. ओझं सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला फिजिओथेरपिस्टचा होकार घ्या आणि एक कसोटी रोज लावा : चालल्यानंतरचं दुखणं किंवा सूज दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच असेल, तर एक पायरी मागे या. एका वेळी एकच भाग वाढवलात तर कशाने बिघडलं ते कळेल. दोन एकदम वाढवलेत तर अंदाज करत बसावं लागेल.

प्रश्न : लग्नाआधी मी खूप ट्रेक केले. आता मुलगी लहान आहे, सासरे अंथरुणाला खिळलेले. पहाटेचा पाऊण तास सोडला तर दिवसात माझं असं काही नाही. पाऊण तासात कसला आलाय ट्रेक?
– एक वाचक, मंगरुळपीर

उत्तर : ताई, तुमचं शरीर धडधाकट आहे. पाचांपैकी फक्त वेळ गेला आहे. त्यामुळे बाकीच्यांची मात्रा वाढवायची. रमतगमत फिरण्याऐवजी पाठीवर सॅक घ्या, त्यात पाण्याच्या तीन-चार बाटल्या भरा आणि जिना, टेकाड, तलावाची पाळ जे जवळ असेल ते वर-खाली करा. पाऊण तासात मांड्यांना पुरेसं काम मिळेल. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा सल्ला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा आहे. व्यायाम सलग दहा मिनिटं तरी हवा, ही जुनी अट त्यांच्या २०२० च्या मार्गदर्शनात उरली नाही. तुमचे पाऊण-पाऊण तास चार दिवसांतच त्या आकड्याच्या पुढे जातात.

पांदण रस्त्याने जाणार असाल तर एकट्या जाऊ नका, एखादी मैत्रीण गाठा. पाऊस सुरू झाला की काळी माती बुटाला चिकटून पाय मणभर जड होतो आणि घसरायला वेळ लागत नाही. तेव्हा मुरमाचा रस्ता धरा.

अर्ध्या दिवसाची मोकळीक मिळाली तर कारंजा-सोहोळ अभयारण्यात मुलीला घेऊन जा. गवताळ माळ, लहान पावलांना झेपणारा आणि काळविटांचा. मुलीच्या चालीने चालाल, दहा वेळा थांबाल आणि काळवीट दिसतं ते थांबणाऱ्यालाच. आत कधी आणि कुठवर जाता येईल, ते वनविभागाकडे आधी विचारा.

आणखी एक. वर्षातले दोन दिवस आत्ताच मागून ठेवा. घरातल्या कुणी त्या दोन दिवसांत सासऱ्यांचं करायचं, हे नाव घेऊन ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. ‘जमलं की जाईन’ म्हणणाऱ्या सुनेला कधीच जमत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. आजारी माणसाची सेवा करणाऱ्यालाही विसावा लागतो. तो मागण्यात अपराधी वाटायचं कारण नाही.

प्रश्न : वय ७२. शेगावची पालखी पंढरपूरला जाताना आमच्याकडून जाते, तेव्हा मी मेडशीपासून रिसोडपर्यंत बरोबर चालते. यंदा मुलं म्हणतात, आई आता पुरे. ऐकावं का?
– एक वाचक, मालेगाव (जि. वाशीम)

उत्तर : आजी, अर्धं ऐका.

वर सरांना सांगितलेले पाच भाग पायी वारीने फार पूर्वी ओळखले आहेत. सामान गाडीत जातं, वाट ठरलेली असते, मुक्काम बांधलेले असतात आणि शेगाव ते पंढरपूर महिनाभर चालणं होतं. ओझं, चढ आणि अंतर यांची सोय तिथे आधीच लागलेली आहे. तुमच्या हातात नसते ती चाल. पालखीच्या वेगाने चालावं लागतं, ऊन कलायची वाट बघता येत नाही. वयाबरोबर तहान कमी लागते आणि घामही कमी येतो, म्हणून शरीर तापलेलं उशिरा कळतं. तेव्हा यंदा सगळी वाट न धरता एकच टप्पा धरा, त्यातही सकाळचा. दुपारी गाडीत बसा. तहानेची वाट न बघता ठरावीक वेळाने पाणी घ्या. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना आधी विचारा, कारण काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि काहींनी नाडीचा वेग दबतो. चालता चालता शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटू लागलं की चाल कमी करा. छातीत दुखलं किंवा घेरी आली तर तिथेच थांबा.

या अर्ध्या दिवसाला एका मोठ्या माणसाचा दाखला आहे. जपानचे युइचिरो मिउरा ७०, ७५ आणि ८० व्या वर्षी एव्हरेस्टवर चढले. मधल्या काळात स्कीइंग करताना त्यांचं कंबरेचं हाड मोडलं, हृदयाच्या ठोक्यांसाठी शस्त्रक्रिया झाल्या. २०१३ च्या शेवटच्या चढाईत त्यांनी म्हाताऱ्याचं काम अर्ध्या दिवसाचं, हा बेत ठेवला : रोज निम्मंच चालायचं, दिवस वाढवायचे. शिखर गाठल्यावर उतरताना ते फार थकले आणि साडेसहा हजार मीटरवरच्या तळापासून हेलिकॉप्टरने खाली आले. उतार त्यांनी सोडून दिला, त्यात कमीपणा मानला नाही. २०२३ मध्ये, ९० व्या वर्षी, चाकाच्या खुर्चीत बसून आणि सोबत्यांनी ओढून ते फुजी पर्वताच्या माथ्यावर गेले. तेव्हा तर चालणंही बहुतेक दुसऱ्यांवर सोपवलं होतं.

ताकदीचं म्हणाल तर ती या वयातही परत येते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम दिले. ज्यांनी ते पूर्ण केले, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुम्हाला वजनं उचलायची गरज नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं आणि भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं आजपासून सुरू करा, आठवड्यातून तीन दिवस. पालखी येईपर्यंत फरक कळेल.

आणि मुलांनाही काम द्या. काळजी वाटते ना, मग आईबरोबर तो एक टप्पा चाला म्हणावं, पिशवी आणि पाण्याची बाटली तुमच्या खांद्यावर.