बारीक अक्षरे पुसट का छापली जातात?

प्रश्न : चवदार तळे सत्याग्रहाच्या (२० मार्च १९२७) स्मृतिदिनाचे पत्रक महाड-पोलादपूरच्या गावांत वाटायचे आहे. मोबाइलवर ते छान दिसते; छापल्यावर बारीक मजकूर पुसट येतो. रिझोल्यूशन ७२ चे ३०० केले, तरी फरक नाही. छापखाना बदलू का?
– एक वाचक, महाड

उत्तर : काळजी नको, दोष बहुधा फाइलमध्ये आहे आणि तो दुरुस्त होतो. नुसता आकडा वाढवून चित्रात नसलेला तपशील येत नाही. मजकूर कोरलड्रॉ किंवा इंकस्केपमध्ये नव्याने टाइप करा. फोटो छापील आकारात ३०० डीपीआयचे घ्या. फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ द्या. व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांच्या मिश्रणात छपाई किंचित सरकली, तरी कडा धूसर होतात. देवनागरीत जोडाक्षरांच्या पोकळ्या शाईने भरतात, म्हणून ९ पॉइंटपेक्षा लहान अक्षर टाळा.

वेबसाठी वेगळी पीएनजी प्रत काढा. जेपीईजीत अक्षरांभोवती डाग उमटतात. सगळ्या प्रती छापण्याआधी एक प्रूफ कागदावर काढून घरातल्या ज्येष्ठांकडून वाचून घ्या.