खोली रिकामी आहे ना, मग हो म्हण

अगं, ब्रॉन्कोज हॉकी संघाच्या एखाद्या मुलाला घरी ठेवून घ्यावं का, असं विचारलंस ना? माझं उत्तर हो आहे. फक्त त्याआधी थोडं ऐकून घे.

जॅन्सनच्या पोटॅश खाणीच्या नोकरीपायी तुम्ही कॅनडातल्या हम्बोल्टला आलात. गाव जेमतेम सहा हजारांचं. हिवाळ्यात इथली माणसं भेटतात ती एल्गर पीटरसन अरीनात. ब्रॉन्कोज हा 1970 पासूनचा संघ कुणा शेठचा नाही, गावाचाच आहे. एवढ्याशा गावानं 2003 आणि 2008 साली कॅनडाचं ज्युनिअर 'ए' आइस हॉकीचं अजिंक्यपद आणलंय. तुला तिथे ओळखी हव्यात, तर घरात एक खेळाडू असण्यासारखं दुसरं काही नाही.

मुलं सोळा ते वीस वर्षांची, बरीचशी दूरच्या गावांहून आलेली. संघ बिलेट फॅमिलीला, म्हणजे खेळाडूला घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला, महिन्याला थोडे पैसे देतो, पण त्या वयाची भूक त्यात भागत नाही. सामन्याच्या दिवशी दुपारी पोटभर जेवायला घाल आणि निवांत झोपू दे. चिकन-भात चालेल, तिखट मात्र बेतानं. बाहेरगावचा सामना असला की बस मध्यरात्रीनंतर परतते. तेव्हा त्याच्यासाठी काहीतरी झाकून ठेव.

आणि त्या बसचं तुला माहीत असायलाच हवं. 6 एप्रिल 2018 ला प्लेऑफसाठी निपाविनला जाताना हायवे 35 आणि 335 च्या चौकात स्टॉपच्या पाटीला न थांबलेला ट्रक आडवा आला. बसमधल्या 29 पैकी 16 जण गेले. नुसते खेळाडूच नव्हेत. प्रशिक्षक, रेडिओवर सामन्याचं वर्णन करणारा, आकडेवारी ठेवणारा अठरा वर्षांचा मुलगा, बसचालक, सगळे. गावातल्या काही घरांमधल्या खोल्या त्या रात्री रिकाम्या झाल्या. देशभर लोकांनी दाराबाहेर हॉकी स्टिक ठेवल्या.

ट्रक चालवणारा भारतातून आलेला तरुण होता. हे तुला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगते. त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. प्रशिक्षकाच्या पत्नीनं कोर्टातच त्याला माफ केलं, काहींना ते जमलं नाही. तू दोघांचाही मान ठेव. त्याच्या वतीनं बोलू नकोस, आणि त्याच्या देशाची म्हणून अंगही चोरू नकोस. अपघाताचा विषय आपणहून काढू नकोस; कुणी बोललं, तर बसून सगळं ऐक.

लोगन बूले हा त्या संघातला मुलगा. एकविसावा वाढदिवस झाला की अवयवदानाची नोंद करणार, असं त्यानं वडिलांना सांगून ठेवलं होतं. तो गेला आणि सहा जणांना त्याचे अवयव मिळाले. त्यानंतर देशभर अवयवदानासाठी नावं नोंदवणाऱ्यांची रीघ लागली. दरवर्षी 7 एप्रिलला त्याच्यासाठी हिरवा शर्ट घालतात. तूही घाल, आणि नवऱ्याशी बोलून नोंद करून टाक.

मुलगा यायचं ठरलं की आधी त्याच्या आईला फोन कर. इंग्रजीची काळजी नको, आईला आईचं कळतं. तो काय खातो ते विचारशीलच. पण सामना हरल्यावर तो बडबडतो की खोलीचं दार लावून घेतो, तेही विचारून ठेव. पहिल्या महिन्यात तुला तेच जास्त लागणार आहे.