खाणींतील विजेचा राखणदार

रेवसच्या धक्क्यावरून पाहिलें असतां कोळसा व लोहखनिज वाहणाऱ्या बार्ज धरमतरच्या खाडींत शिरतांना दृष्टीस पडतात. तो माल डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जात असतो. आपल्या दारावरून जाणारा हा माल पृथ्वीच्या पोटांतून वर काढण्यास कोणकोणत्या विद्या खर्ची पडतात, याचा विचार आपण क्वचितच करितों. त्यांपैकीं एका विद्येचा, म्हणजे खाणींतील विद्युत्-इंजिनियराच्या कामाचा, परिचय विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

वीज ही वस्तु आमच्या जिल्ह्यास अपरिचित नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेलें पाणी नळांतून खालीं सोडून वीज उत्पन्न करणारें टाटांचें केंद्र खोपोली येथें १९१५ सालीं सुरू झालें. त्यामागून १९२७ सालीं भिरा येथील केंद्र सुरू झालें. ही वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांकरितां होती. परंतु त्याहीपूर्वीं झालेल्या भारतांतील पहिल्या मोठ्या जलविद्युत्-योजनेचें गिऱ्हाईक गिरणी नव्हती, तर खाण होती. म्हैसूर संस्थानांत कावेरीच्या शिवसमुद्रम् धबधब्यापाशीं वीज उत्पन्न करून ती सुमारें १४७ किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींस १९०२ सालीं पोहोंचविण्यांत आली. वाफेच्या यंत्रांस लागणारें जळण तेथें फार महाग पडे, हें त्याचें कारण. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ सालीं. कोलारच्या खाणी पुढें तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेल्या व २००१ सालीं बंद झाल्या. आपल्या महाराष्ट्रांत आज ही विद्या पाहावयाची तर विदर्भांत जावें. चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांत कोळशाच्या, आणि नागपूर व भंडारा या जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत.

जमिनीखालील खाण म्हणजे एक गांवच समजावा. मात्र हवा, पाण्याचा निचरा, वाट आणि उजेड यांपैकीं एकहि गोष्ट त्या गांवास निसर्गानें दिलेली नसते. या चारही गोष्टी विजेच्या बळावर पुरवाव्या लागतात. खाणीच्या मुखाशीं बसविलेला प्रचंड पंखा रात्रंदिवस फिरवून आंतील प्रत्येक बोळांत हवा खेळती ठेवावी लागते. खडकांतून अखंड पाझरणारें पाणी पंपांनीं वर फेकावें लागतें. अंधारांत काम करणाऱ्याच्या टोपीवर बॅटरीचा दिवा लागतो, आणि त्या बॅटऱ्या प्रत्येक पाळीस भरून तयार ठेवाव्या लागतात. उभ्या कूपांतून माणसांस खालीं-वर नेणारा पिंजरा तारेच्या जाड दोरास टांगलेला असतो व वरची मोटर तो ओढते. या यंत्राची रचना मोठी मार्मिक आहे. त्याचा ब्रेक वीज असेपर्यंतच उचललेला राहतो. वीज गेली कीं तो आपोआप पडतो आणि पिंजरा थांबतो. संकट आलें असतां यंत्रानें आपण होऊन सुरक्षित स्थितींत यावें, हें या विद्येचें पहिलें सूत्र होय.

परंतु ज्या विजेवांचून खाण चालत नाहीं, तीच वीज खाणीची वैरीण होऊं शकते. कोळशाच्या थरांत मिथेन नांवाचा वायु कोंडलेला असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. हवेंत त्याचें प्रमाण सुमारें ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आलें कीं स्फोटास एक ठिणगी पुरते; आणि स्विच तोडतांना ठिणगी पडणें हा तर विजेचा स्वभावच. १४ ऑक्टोबर १९१३ रोजीं वेल्समधील सेंगहेनिथ येथील कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ४३९ कामगार मृत्यु पावले. कारण निर्विवाद ठरलें नाहीं. परंतु इशाऱ्याच्या घंटेच्या उघड्या तारांतील बारीकशी ठिणगी हेंच तें असावें, असा संशय बळावला. इतक्या दुर्बळ प्रवाहापासून भय नाहीं असें जें समजलें जाई, तें पुढील प्रयोगांनीं खोटें ठरविलें.

या संकटावर शास्त्रज्ञांनीं दोन मुख्य उपाय शोधिले आहेत. पहिला ज्वालारोधक पेटीचा. मोटर व स्विच हीं जाड लोखंडी पेटींत ठेवितात. ही पेटी हवाबंद असावी असें वाटेल. पण तसें नाहीं. वायु आंत शिरणार, ठिणगी पडून आंतल्या आंत लहानसा स्फोटहि होणार, असें धरूनच ती बनविलेली असते. ती इतकी भक्कम असते कीं फुटत नाहीं. आणि झांकणाच्या सांध्याची फट इतकी अरुंद व लांबट असते कीं, तींतून बाहेर पडतांना तप्त वायु आपली उष्णता धातूस देऊन थंड होतो, व बाहेरचा वायु पेटत नाहीं. सर हंफ्री डेव्ही यांनीं १८१५ सालीं केलेल्या खाणदिव्याच्या जाळीचें तत्त्व हेंच. दुसरा उपाय असा कीं, प्रवाहच इतका अल्प ठेवावयाचा कीं तार तुटली तरी तिच्या ठिणगींत वायु पेटविण्याचें सामर्थ्य नसावें. घंटा, टेलिफोन व वायुमापक यंत्रें यांस ही रीति लावितात.

आतां त्या पेटीच्या झांकणाचा एकच बोल्ट कोणी घाईंत लावावयाचा विसरला, अशी कल्पना करा. मोटर पूर्वीप्रमाणेंच चालेल, कोळसा निघत राहील, बाहेरून कांहींच उणें दिसणार नाहीं. परंतु फट वाढलेली असेल आणि पेटीचें सारें सामर्थ्य त्या फटींतून निघून गेलेलें असेल. म्हणून खाणींतील इंजिनियराचा पुष्कळसा वेळ नवीं यंत्रें उभारण्यांत न जातां बोल्ट मोजण्यांत, फट तपासण्यांत, केबलच्या आवरणावरील चरे शोधण्यांत आणि जें आढळलें तें जसेंच्या तसें वहींत लिहिण्यांत जातो. यंत्र दुरुस्त करावयाचें असतां तो स्विच तोडून त्यास स्वतःचें कुलूप लावितो, किल्ली खिशांत ठेवितो, आणि तारेंत वीज उरली नाहीं अशी खात्री यंत्रानें करून घेतल्यावांचून तिला हात लावीत नाहीं.

प्रवाह वाट सोडून जमिनींत शिरला तर काय होतें, याचें एक उदाहरण आमच्या तालुक्यांतच आहे. मुंबईंत विजेच्या ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें कुलाबा वेधशाळेंतील चुंबकीय मोजमापें बिघडतील हें ओळखून तें काम १९०४ सालीं अलिबागेस आणण्यांत आलें. विजेच्या ट्राम १९०७ सालीं धावूं लागल्या. रुळांतून परत जाणाऱ्या प्रवाहाचा कांहीं भाग जमिनींतून भटकतो. वेधशाळेंत त्यामुळें एखादा आंकडा चुकेल. खाणींत तोच भटका प्रवाह सुरुंगाच्या तारांपर्यंत पोहोंचला तर सुरुंग अवेळीं उडेल. यास्तव प्रवाह जमिनींत गळूं लागतांच क्षणार्धांत स्विच तोडणारीं साधनें खाणींत बसवितात.

तथापि सर्व साधनें बसवूनहि एक गोष्ट शेवटीं माणसावर राहते. नियम असा आहे कीं, खाणीच्या हवेंत ज्वालाग्राही वायूचें प्रमाण सव्वा टक्क्याहून अधिक आढळलें कीं त्या ठिकाणची वीज ताबडतोब तोडावी. म्हणजे स्फोटाची मर्यादा चौपट दूर असतांनाच थांबावयाचें. वीज तोडली कीं यंत्रें उभीं राहतात व पाळीचें उत्पन्न बुडतें. आणखी दहा मिनिटें चालूं द्या, असें सांगणारे तेव्हां पुष्कळ भेटतात. आणि बहुधा त्या दहा मिनिटांत कांहीं घडणारहि नाहीं. पण ज्या एका दिवशीं घडेल तो दिवस आधीं कळत नाहीं. म्हणून दररोज, कंटाळा न करितां, 'नाहीं' म्हणणारा माणूस तेथें असावा लागतो. त्यानें टाळलेला स्फोट कोणासहि दिसत नाहीं. त्याबद्दल त्याचे आभारहि कोणी मानीत नाहीं. पाळी संपली आणि जितके खालीं गेले तितके वर आले, एवढेंच त्याचें पारितोषिक.

या मार्गानें जाऊं इच्छिणाऱ्यानें गणित व पदार्थविज्ञान यांचा पाया शाळेंतच पक्का करावा. विद्युत्-इंजिनियरिंगचें शिक्षण आमच्याच जिल्ह्यांत लोणेरे येथें, १९८९ सालीं स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठांत मिळतें. खाणशास्त्राचें प्रसिद्ध विद्यालय धनबाद येथें १९२६ सालीं निघालें. २०१६ पासून तें भारतीय प्रौद्योगिकी संस्था झालें आहे. मुलींनींहि हा लेख आपल्यासाठीं नाहीं असें समजूं नये. १९५२ च्या खाण-कायद्यानें स्त्रियांस भूगर्भांतील नोकरीची मनाई केली होती. २०१९ सालीं तांत्रिक व देखरेखीच्या कामांपुरती ती शिथिल करण्यांत आली.

पालकांस एकच विनंति. मुलगा वा मुलगी या धंद्यास योग्य आहे कीं नाहीं, हें केवळ गुणपत्रिकेवरून ठरवूं नये. घरांतील लहानसें काम कोणी पाहत नसतांहि तें पुरें करितें काय, आणि चूक दिसली असतां मोठ्यांसमोरहि ती नम्रपणें व निर्भयपणें सांगतें काय, हें पाहावें. कारण वीज विद्येनें वश होते. परंतु ती योग्य क्षणीं तोडण्यास विद्येबरोबर सचोटीहि लागते.