न्यायाची शिडी

पाबळच्या एखाद्या शेतकऱ्याचा बांधाविषयी तंटा उपस्थित झाला, तर त्याचा दावा बहुधा शिरूरच्या दिवाणी न्यायालयात चालतो. निकाल मान्य नसल्यास ३० दिवसांचे आत जिल्हा न्यायालयाकडे अपील करिता येते. त्याहून वर १८६२ साली स्थापन झालेले मुंबईचे उच्च न्यायालय आणि शिखरावर १९५० पासूनचे दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय होय. कायदा राज्याचा असो वा केंद्राचा, शिडी एकच.

अमेरिकेत मात्र शिड्या दोन आहेत. बांधासारखे तंटे सामान्यतः राज्याच्या न्यायालयांत चालतात. राज्यघटनेचे व संघराज्याच्या कायद्यांचे प्रश्न, तसेच भिन्न राज्यांच्या नागरिकांमधील काही मोठे दावे, संघीय न्यायालयांत जाऊ शकतात. तेथे ९४ जिल्हा न्यायालये, त्यांवर १३ अपील न्यायालये आणि शेवटी ९ न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय आहे.

दोन्ही देशांत एक गोष्ट मात्र समान आहे. साक्षीपुरावा प्रायः पहिल्याच पायरीवर घेतला जातो; वर मुख्यत्वे चूक तपासली जाते. आपल्या उच्च न्यायालयातील दुसरे अपील तर केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते. यास्तव जमिनीचे कागद जपून ठेवावे, खरी साक्ष वेळीच द्यावी आणि अपिलाची मुदत चुकवू नये. खालची पायरी निसटली, तर वरची क्वचितच सावरते.