थंडीत अंडी घटली? आधी रात्री खुराडं तपासा

व्हिडिओतले मुद्दे इथे लिहून देतोय, म्हणजे खुराड्याजवळ उभं राहून वाचता येतील.

हिवाळ्यात अंड्यांना मागणी वाढते, भावही बरा मिळतो. नेमकी तेव्हाच अंडी घटतात आणि आपण म्हणतो, "थंडी आहे, चालायचंच." दिवस लहान झाल्यानेही अंडी कमी होतात, हे खरं. पण कधी कधी खरा चोर खुराड्याच्या फटीत बसलेला असतो: लाल माईट.

हिशोब करू. समजा 50 कोंबड्या, रोज 20 अंडी, भाव 12 रुपये. रोज 4 अंडी घटली की 48 रुपये गेले. 90 दिवसांचे झाले 4,320 रुपये. आणि बचावाला काय लागतं? चुना, राख आणि थोडी मेहनत.

हा किडा राहतो कसा?

आकार जेमतेम 1 मिलिमीटर. दिवसा फटीत, बांबूच्या टोकाशी, गोणपाटाच्या घडीत लपतो. रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितो. म्हणून दिवसा कोंबडी हातात घेऊन पाहिली तरी तो बहुधा सापडत नाही. ऊब मिळाली की सात ते दहा दिवसांत नवी पिढी तयार! थंडीत त्याची वाढ मंदावते, पण आपल्याकडे दुपारी ऊन असतंच. रक्ताशिवायही तो काही महिने तग धरतो. म्हणजे खुराडं महिनाभर रिकामं ठेवून तो जाणार नाही.

काय करायचं?

1. थंडी सुरू होण्याआधी खुराडं रिकामं करून झाडा. फटी बुजवा, भिंतींना आणि लाकडाला भिजवलेल्या चुन्याचा हात द्या. पूर्ण वाळल्यावरच कोंबड्या आत सोडा.
2. घमेल्यात चुलीची चाळलेली, थंड राख, वाळू आणि कोरडी माती ठेवा. कोंबड्या त्यात लोळून अंग साफ करतात. राख फक्त लाकडाची, प्लास्टिक जाळलेली नको.
3. बसायच्या बांबूच्या टोकांना दर आठवड्याला निंबोळी तेलाचं फडकं फिरवा.
4. गोणपाटाचे पडदे आठवड्यातून एकदा काढून कडक उन्हात टाका आणि झटका. वरच्या बाजूला हवा खेळती ठेवा. तूस ओलं झालं की लगेच बदला.
5. बाजारातून आणलेली कोंबडी किमान दोन आठवडे वेगळी ठेवा. चिमण्या-कबुतरं आत येऊ नयेत म्हणून जाळी लावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे उपाय बचावाचे आहेत. तुरा फिका पडला, कोंबड्या संध्याकाळी आत जायला तयार नाहीत किंवा अंड्यांवर लालसर-काळे ठिपके दिसले, तर पशुवैद्यकांना दाखवा. औषध दिलं तर अंडी किती दिवस विकायची नाहीत, तेही त्यांनाच विचारा. गिऱ्हाइकाचा विश्वास गेला की धंदा गेला.

आजचा गृहपाठ: अंधार पडल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन जा. पांढरं फडकं बांबूच्या खालून घासा. लाल डाग किंवा चालणारे ठिपके दिसले, तर समजा चोर घरात आहे. दर रविवारी हे करा आणि अंड्यांच्या वहीत तारखेसमोर "आहे" किंवा "नाही" लिहा. वही बोलेल तेव्हा अंदाज करत बसावं लागणार नाही.