आवाज येतो, चित्र नाही!

प्रश्न : आमच्या ३२ इंची एलईडी टीव्हीचा आवाज येतो, पडदा मात्र काळा. घरीच उघडू का? – एक वाचक, राहुरी

उत्तर : थांबा, स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. पुसट चित्र हलताना दिसलं, तर बहुधा पॅनल शाबूत आहे, मागच्या एलईडी पट्ट्या गेल्यात. पट्ट्या स्वस्त, पण त्या बदलायला काचेचं पॅनल उचलावं लागतं. बोट जरा जास्त दाबलं की तडा, आणि नवं पॅनल म्हणजे जवळजवळ नवा टीव्हीच! शिवाय प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाबाची वीज काही काळ टिकू शकते. हे काम कारागिराचंच. खर्च आधी विचारा आणि काढलेल्या पट्ट्या परत मागून घ्या.